ज्ञाताकडून अज्ञाताकडे : एका फ्रेंच गावातील वास्तव्य

विद्यार्थिमित्रांनो, "ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे" हे अध्यापनशास्त्रातील सूत्र याच शाळेत आम्ही प्रथम ऐकले. जे ठाऊक आहे त्याचा हात धरून जे ठाऊक नाही त्याच्यापर्यंत पोहोचावयाचे, एवढाच त्याचा अर्थ. हे सूत्र फळ्यावर सोपे वाटते. परंतु ज्या गावात आपल्याला कोणी ओळखत नाही, जेथील भाषा आपल्या कानांस नुसता नाद वाटते, अशा गावात संसार मांडण्याची वेळ आली म्हणजे त्याची खरी परीक्षा होते. ती परीक्षा आम्ही फ्रान्समधील फीझाक या लहानशा गावी दोन वर्षे दिली. तीत आम्हांस कोठे यश आले आणि कोठे आम्ही चुकलो, हे येथे क्रमाने सांगावयाचे आहे.

आमचे तेथे जाणे कसे घडले हे प्रथम सांगतो. बेळगावच्या उत्तरेस हत्तरगी येथे विमानांचे सुटे भाग बनविणारे कारखाने गेल्या काही वर्षांत उभे राहिले, हे तुम्हांस ठाऊक आहेच. फीझाक येथेही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून विमानांचे पंखे बनविण्याचा उद्योग आहे. याच व्यवसायाच्या निमित्ताने आम्ही उभयता आणि आमची अकरा वर्षांची कन्या असे तिघे एका सप्टेंबर महिन्यात त्या गावी दाखल झालो.

गावाची ओळख

फीझाक हे गाव फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात, तुलूज या मोठ्या शहराच्या ईशान्येस, सेले नावाच्या नदीच्या काठी वसले आहे. लोकवस्ती सुमारे दहा हजार. एका मध्ययुगीन मठाभोवती हे गाव वाढले आणि बाराव्या ते चौदाव्या शतकांत तेथील व्यापारी संपन्न झाले. त्यांनी बांधलेली वालुकाश्माची घरे आजही उभी आहेत व त्यांत आजही माणसे राहतात. कित्येक घरांच्या माथ्यावर छपराखाली एक उघडा मजला असतो. पूर्वी तेथे कातडी, कापड, धान्य, फळे इत्यादी वस्तू वाळविण्यास ठेवीत. आपल्याकडे गच्चीवर पापड व सांडगे वाळतात, तोच हेतू. पाऊस फार म्हणून वर छप्पर, एवढाच फरक.

या गावाचे नाव जगाच्या इतिहासात आले ते एका विद्वानामुळे. प्राचीन ईजिप्तच्या चित्रलिपीचे कोडे उलगडणारा झाँ-फ्रांस्वा शांपोलियों हा येथे 23 डिसेंबर 1790 रोजी एका पुस्तकविक्रेत्याच्या घरी जन्मला. त्याच्या जन्मघरी आज जगातील लिप्यांचे संग्रहालय आहे. जवळच्या एका चौकात जमिनीवर काळ्या ग्रॅनाइटची एक प्रचंड शिळा अंथरलेली आहे. जोसेफ कोसुथ या अमेरिकन कलावंताने 1991 मध्ये घडविलेली ती रोझेटा शिलेची प्रतिकृती होय. मूळ शिला 1799 मध्ये ईजिप्तमध्ये सापडली. तिच्यावर एकच मजकूर चित्रलिपीत, ईजिप्तच्या लोकव्यवहारातील लिपीत आणि ग्रीक भाषेत कोरलेला आहे.

ग्रीक विद्वानांना ठाऊक होती. टॉलेमी, क्लिओपात्रा अशी राजनामे ठाऊक होती. त्या ज्ञात नामांच्या आधाराने शांपोलियों अज्ञात चिन्हांकडे वळला व 1822 च्या सप्टेंबरात त्याने आपला शोध विद्वानांपुढे ठेवला. परंतु येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. त्याच्या आधीचे पुष्कळ पंडित अडले ते ज्ञान कमी म्हणून नव्हे. "ही सारी चिन्हे म्हणजे गूढ कल्पनांची चित्रेच असली पाहिजेत," असा ग्रह त्यांनी आधीच करून घेतला होता. त्यांतील अनेक चिन्हे साधे ध्वनी दर्शवितात, हे त्या ग्रहामुळे त्यांस दिसले नाही. जे ठाऊक आहे ते शिडीसारखे उपयोगी पडते, आणि कधी कधी तेच डोळ्यांवरची पट्टीही होते. आमच्या वास्तव्यात या दोन्ही गोष्टींचा अनुभव आम्हांस आला.

पहिला धडा दुकानात

पट्टीचा अनुभव पहिल्याच सकाळी आला. घराजवळ पावाचे एक दुकान होते. आम्ही पुस्तकातून पाठ केलेले वाक्य मनात घोळवीत आत शिरलो आणि म्हणालो, "एक बागेत द्या, कृपा करून." बागेत म्हणजे तेथील काठीसारखा लांब पाव. दुकानदारीण बाईंनी आमच्याकडे पाहिले आणि जरा ठासून म्हटले, "बाँझूर!" आम्हांस वाटले, आमचा उच्चार त्यांस कळला नाही. आम्ही वाक्य पुन्हा म्हटले. त्यांनीही पुन्हा तोच शब्द उच्चारला, या वेळी अधिकच ठासून. मागे रांगेत चार माणसे उभी. पाव मिळाला, पण आम्ही घरी परतलो ते मान खाली घालून. परक्या वर्णाच्या माणसाला या गावात असेच वागवितात, असा निष्कर्ष चहा होण्यापूर्वीच काढून आम्ही मोकळे झालो.

त्याचा उलगडा शेजारच्या वृद्ध बाईंनी केला. "तुम्ही आधी बाँझूर म्हणालात का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. म्हटले नव्हते. त्यावर त्या हसल्या. बाँझूर म्हणजे "शुभ दिवस", हे आम्हांस ठाऊक होते, पण तो शब्द कोणते काम करतो हे ठाऊक नव्हते. तेथे दुकान हे दुकानदाराचे जणू घरच असते. आत पाऊल टाकताना "बाँझूर, मादाम" किंवा "बाँझूर, मस्यू" म्हणणे म्हणजे त्या घरात येण्याची परवानगी मागणे, आणि निघताना निरोपाचा शब्द बोलणे म्हणजे दार नीट ओढून घेणे. हा शब्द न उच्चारता "पाव द्या" म्हणणारा मनुष्य, आपल्याकडे चपला न काढता थेट देवघरापर्यंत जाणाऱ्यासारखा ठरतो. "कृपा करून" हे शब्द जोडले तरी तो दोष भरून निघत नाही.

आम्ही आमच्या गावचा संकेत मनात धरून गेलो होतो. आपल्याकडे वाण्याच्या दुकानात गेल्यावर कोणी आधी नमस्कार करीत नाही. "अर्धा किलो साखर द्या हो," यातील त्या "हो"मध्येच सारा जिव्हाळा येतो. आपला हा "हो" तेथे "बाँझूर"मध्ये असतो, एवढे कळल्यावर दुसऱ्या सकाळी आम्ही दारातूनच "बाँझूर, मादाम" म्हणालो. बाईंनी पाव कागदात गुंडाळून देताना तो कसा भाजलेला हवा, जास्त की कमी, हेही विचारले. दुकान तेच होते आणि बाईही त्याच होत्या.

याचा अर्थ तेथे आम्हांस उपेक्षा कधीच भेटली नाही असा मात्र नव्हे. एकदोनदा ती भेटली व ती शिष्टाचाराच्या गैरसमजातून आलेली नव्हती. परंतु खरी उपेक्षा कोणती आणि आपल्याच अज्ञानाची सावली कोणती, हे निवडता येणे फार महत्त्वाचे आहे. ते निवडता न आल्यास माणूस साऱ्या गावावर रुसून घरात बसतो, आणि त्यात नुकसान त्याचेच अधिक होते.

भाषेच्या बाबतीत एक शिडी मात्र आम्हांस आयतीच लाभली. फ्रेंच भाषेत समोरच्यास संबोधण्यासाठी "त्यू" व "व्हू" अशी दोन सर्वनामे आहेत. इंग्रजीच्या वाटेने फ्रेंच शिकणाऱ्यास हा भेद फार छळतो. आपणांस तो बाळकडूतच मिळतो, कारण "त्यू" म्हणजे आपले "तू" व "व्हू" म्हणजे "तुम्ही". शेजारच्या बाईंना आम्ही वर्षभर "व्हू" म्हणत होतो. एके दिवशी त्यांनीच "आता त्यू म्हणा" असे सुचविले. वडीलधाऱ्या बाईंना "तू" कसे म्हणावे, या संकोचाने आमची जीभ वळेना. तेथे ती जवळीक वडीलधाऱ्याने देऊ करावयाची असते, आणि देऊ केलेली जवळीक नाकारणे बरे दिसत नाही. आपल्याकडेही आईला आपण "तू"च म्हणतो, हे आठवले आणि जीभ मोकळी झाली.

गावाचे वेळापत्रक

दुसरी अडचण घड्याळाची. दुपारी बारा वाजले की गावातील बहुतेक लहान दुकाने बंद होत. ती उघडत दोनच्या सुमारास. रविवारी दुपारनंतर गाव निजल्यासारखे भासे व सोमवारीही कित्येक दुकानांची दारे लावलेली असत. पाव विकणाऱ्यांचाही आठवड्यातून एक सुटीचा दिवस ठरलेला. आम्ही पहिल्या रविवारी सायंकाळी पिशवी घेऊन निघालो आणि रिकामी पिशवी घेऊन परतलो. त्या रात्री आम्ही बेळगावाहून आणलेल्या पोह्यांवर भागविले.

ही गैरसोय वाटली, तरी तिच्यामागे एक विचार आहे. विक्रेता हाही जेवणारा, कुटुंबात बसणारा मनुष्य आहे, त्याच्या जेवणाची वेळ ही ग्राहकाच्या सोयीइतकीच मोलाची आहे, असे तेथील समाज मानतो. दुपारचे जेवण बैठकीने, क्रमाक्रमाने व गप्पांसह करावयाचे. उभ्याउभ्या खाऊन कामास लागणे हे तेथे कौतुकाचे मानले जात नाही. आपल्या लहान गावांतही दुपारी दुकानाची फळी अर्धी लावून मालक वामकुक्षी घेतो, हे आठवले म्हणजे या रीतीत परके असे फारसे उरत नाही.

पावाविषयी थोडे सांगितले पाहिजे. "परंपरागत फ्रेंच पाव" हे नाव कोणत्या पावास द्यावे, याविषयी फ्रान्समध्ये 1993 सालचा शासकीय हुकूम आहे. असा पाव बनविताना कोठेही गोठविलेला नसावा, आणि त्यात कृत्रिम द्रव्ये मिसळलेली नसावीत. 2022 मध्ये बागेत बनविण्याच्या कौशल्याचा व त्याभोवतीच्या संस्कृतीचा समावेश युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात केला. आपण भाकरी ताजी खातो, तसे तेथील लोक पाव त्याच दिवशीचा खातात. म्हणूनच पावाच्या दुकानात रोज जाणे घडते आणि रोज जाण्याने ओळखी होतात.

टपालपेटी आणि नगरपालिका

आता कागदपत्रांकडे वळू. दीर्घ मुदतीचा प्रवेशपरवाना घेऊन आलेल्यास तेथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याची नोंद करावी लागते. बँकेत खाते उघडावयाचे तर राहत्या जागेचा पुरावा हवा. तो पुरावा म्हणजे बहुधा विजेचे देयक. विजेची जोडणी घ्यावयाची तर बँकेचे खाते असणे सोयीचे. या चक्रात आम्ही काही आठवडे फिरलो. बेळगावातील कचेऱ्यांचा अनुभव गाठीशी असल्याने, प्रत्येक कागदाच्या प्रती काढून क्रमाने धारिकेत लावण्याची सवय आम्हांस होतीच, व तीच तेथे कामी आली.

तरीही एक पत्र येईना. चौकशी करता टपाल वाटणाऱ्याने आमच्या दाराकडे बोट दाखविले. पेटीवर आमचे नाव नव्हते. तेथे पत्ता पुरेसा नसतो. पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जाण्याचा संभव असतो. आपल्याकडे पोस्टमनला घर तोंडपाठ असते व तो "कुलकर्ण्यांचे भाडेकरू ना?" असे विचारून पत्र देतो. तेथे आपले नाव आपणच लिहावे लागते. त्या सायंकाळी कन्येने जाड कागदावर आमचे आडनाव सुवाच्य रोमन अक्षरांत लिहिले, आणि त्याखाली बारीक अक्षरांत, कोणी न सांगता, देवनागरीतही लिहिले. शांपोलियोंच्या गावात एका नावास दोन लिप्या असणे योग्यच होते.

फ्रान्समध्ये सुमारे पस्तीस हजार कोम्यून आहेत. कोम्यून म्हणजे स्थानिक स्वराज्याचा सर्वांत लहान घटक. गाव शंभर वस्तीचे असो की लाखाचे, प्रत्येकास निवडलेले मंडळ व महापौर असतो. 1884 सालच्या कायद्याने या व्यवस्थेस स्थिर रूप आले. पुष्कळ नगरपालिकांच्या व शाळांच्या इमारतींवर "स्वातंत्र्य, समता, बंधुता" हे तीन शब्द कोरलेले दिसतात. आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेतही ही तीन मूल्ये आहेत. शाळेच्या परिपाठात म्हटलेले शब्द परक्या भिंतीवर वाचताना आम्हांस ओळखीचा मनुष्य भेटल्यासारखे वाटले.

बाजार आणि आकडे

फीझाकचा बाजार शनिवारी सकाळी भरतो. जुन्या मंडईच्या छताखाली व भोवतालच्या चौकांत शेतकरी आपला माल मांडतात. त्या प्रदेशाचे अक्रोड प्रसिद्ध आहेत. शेळीच्या दुधाचे रोकामादूर नावाचे चीज लहान चकतीएवढे असते. एकेक चकती साधारण पस्तीस ग्रॅम वजनाची. बाजारात आम्ही घासाघीस करून पाहिली नाही हे बरे झाले, कारण तेथे भाव पाटीवर लिहिलेला असतो आणि तो कमी करण्यास सांगणे असभ्य समजतात. मात्र विक्रेत्याशी हवेपाण्याच्या चार गोष्टी बोलल्या तर एखादे फळ तो आपण होऊन पिशवीत टाकतो. आपल्याकडची भाजीवाली कोथिंबिरीच्या चार काड्या टाकते, तसेच हे.

आकड्यांनी मात्र आमची फटफजिती केली. फ्रेंच भाषेत सत्तर म्हणजे "साठ-दहा", ऐंशी म्हणजे "चार-वीस" आणि नव्वद म्हणजे "चार-वीस-दहा". ऐकणाऱ्याने मनातल्या मनात गुणाकार व बेरीज करावयाची. प्रथम आम्हांस ही पद्धत चमत्कारिक वाटली. मग आठवले की, आपले जुने लोक नारळ वा आंबे मोजताना "चार विसा" असेच म्हणत. शिवाय आपले "एकोणनव्वद" म्हणजे नव्वदांत एक कमी. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाची त्यावर काय गत होत असेल, याचा विचार आम्ही कधी केला नव्हता.

या आकड्यांशी आमच्या वास्तव्यातील सर्वांत हृद्य प्रसंग जोडलेला आहे. पण तो सांगण्यापूर्वी शाळेविषयी सांगितले पाहिजे.

शाळा

फ्रान्समध्ये शिक्षण तीन वर्षांच्या वयापासून सोळाव्या वर्षापर्यंत सक्तीचे आहे. तीन वर्षांची मर्यादा 2019 पासून लागू झाली. सरकारी शाळांतील शिक्षण मोफत व धर्मनिरपेक्ष असावे, हे तत्त्व 1881 व 1882 च्या कायद्यांनी प्रस्थापित केले. गुण शंभरांपैकी नव्हे, विसांपैकी देतात. बुधवारी दुपारी माध्यमिक शाळेस बहुधा सुटी असते. दुपारचे जेवण पुष्कळ मुले शाळेच्या भोजनगृहातच घेतात. 2018 च्या कायद्यापासून आठवड्यातून निदान एक जेवण शाकाहारी देण्याची प्रथा सुरू झाली. इतर दिवशी आमची कन्या भाज्या, पाव, दही व फळे यांवर भागवी.

इयत्तांचा क्रम तर पूर्णपणे उलटा. अकरा वर्षांचे मूल "सहाव्या" वर्गात प्रवेश करते, पुढील वर्षी ते "पाचव्या" वर्गात जाते, मग "चौथ्या", मग "तिसऱ्या". जणू शिडी चढताना पायऱ्या वरून मोजावयाच्या. कन्या पहिले वर्ष उत्तीर्ण झाल्यावर आम्ही आनंदाने बेळगावास कळविले की, ती आता पाचवीत गेली. तिच्या आजीने दूरध्वनीवर बराच वेळ काही म्हटले नाही. मग हलक्या आवाजात म्हणाली, "असू दे. पोरीला रागावू नका. परकी भाषा, एखादे वर्ष मागे पडायचेच." खुलासा करता करता आमची हसून पुरेवाट झाली.

परंतु ते हसणे दहा महिन्यांनंतरचे. आरंभीचे दिवस हसण्याचे नव्हते. परभाषेतून आलेल्या मुलांसाठी फ्रान्समधील काही शाळांत फ्रेंचचे विशेष वर्ग असतात. आमच्या कन्येसही तशी शिक्षिका लाभली. तरीही ती शाळेत बोलेना. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला, नोव्हेंबरही गेला. घरी अखंड बडबडणारी मुलगी शाळेत एक शब्द उच्चारत नसे. मधल्या सुटीत ती भिंतीशी उभी राही. रात्री तिने एकदा विचारले, "आपण परत केव्हा जायचे?" या प्रश्नावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. आपल्या उत्कर्षासाठी आपण पोरीचे बोलणे हिरावून घेतले की काय, या विचाराने आम्हां उभयतांस त्या हिवाळ्यात कित्येक रात्री झोप लागली नाही. परत जावे असा निर्णय आमच्या अगदी ओठांवर आला होता.

तिच्या शिक्षिकेने आम्हांस थांबविले. त्यांचे म्हणणे असे की, नवी भाषा शिकणारी पुष्कळ मुले प्रथम असा मौनकाळ काढतात. या काळात मूल ऐकत असते, साठवीत असते. रोपटे जमिनीखाली मूळ धरीत असता ते उपटून पाहू नये. घरी तिच्याशी मोडके फ्रेंच बोलू नका, आपली मातृभाषाच उत्तम बोला, असेही त्यांनी बजावले. एक भाषा पक्की असेल तरच दुसरी तिच्या आधाराने उभी राहते, असे त्यांचे मत होते. मराठी शाळेत शिकून बाजारात कन्नड व कचेरीत इंग्रजी बोलणाऱ्या आपणां सीमाभागातील लोकांना हे वेगळे सांगावयास नको. पण भीतीपोटी आम्ही ते विसरलो होतो. त्या रात्रीपासून घरात पुन्हा मराठी गोष्टी सुरू झाल्या.

जानेवारीतील एका शनिवारी आम्ही बाजारात गेलो. चीज व अक्रोड घेतले. विक्रेत्या बाईंनी हिशेब सांगितला, "चौदा युरो, चार-वीस-दहा." आम्ही चौदा युरो काढले आणि पुढच्या गुणाकारात अडकून उभे राहिलो. मागे रांग. तोच आमच्या हातातील नाण्यांतून कन्येने वीस सेंटांची चार नाणी वेचली, दहा सेंटांचे एक नाणे वेचले, आणि ती पाच नाणी बाईंच्या तळहातावर ठेवून स्वच्छ फ्रेंचमध्ये म्हणाली, "घ्या, मादाम." चार वेळा वीस आणि दहा! आम्हांस जो आकडा कोडे वाटत होता, तो तिने नाण्यांत मांडून दाखविला. बाई म्हणाल्या, "वा! हिशेब पक्का आहे हिचा." ती हसली व आणखी एक वाक्य बोलली. ते आम्हांस कळले नाही. तिच्या बोलण्यातले फ्रेंच आम्हांस न कळण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि न कळण्याचा एवढा आनंद आम्हांस त्यापूर्वी कधी झाला नव्हता.

वाटसरू, मंडळे आणि गावाची स्मृती

फीझाकमधून एक प्राचीन यात्रामार्ग जातो. ल् प्वी या गावापासून निघून स्पेनमधील सांतियागो येथील चर्चपर्यंत हा मार्ग पोहोचतो. वसंतापासून शरदापर्यंत पाठीवर पिशवी व तीवर शिंपला अडकविलेले यात्रेकरू रस्त्यातून जाताना दिसत. आम्हांस साहजिकच पंढरीच्या वाटेची आठवण होई. भेदही दिसे. आपली वारी दिंडीने, गात जाते. तेथील यात्रेकरू बहुधा एकटा वा दुकटा, मुकाट्याने चालतो. पण वाटेवरच्या लोकांनी त्यास पाणी द्यावे, ही रीत दोन्हीकडे सारखीच.

चालण्याच्या आवडीतून आमचा एका पदभ्रमण मंडळात प्रवेश झाला. फ्रान्समध्ये 1 जुलै 1901 च्या कायद्याने कोणत्याही दोन व्यक्तींस मिळून मंडळ स्थापन करता येते. गायन, खेळ, बागकाम, वाचन, अशा नाना हेतूंची मंडळे लहान गावांतही असतात व सप्टेंबरात पुष्कळ ठिकाणी त्यांचा एकत्र मेळावा भरतो. नवागताने गावात शिरावयाचे दार कोणते, असे कोणी विचारले तर आम्ही हेच दाखवू. दुकानात आपण ग्राहक असतो आणि कचेरीत अर्जदार. मंडळात मात्र खुर्च्या मांडणारे आणि उचलणारे आपणच असतो. आमच्या गणेशोत्सव मंडळात सतरंज्या उचललेल्या हातांना हे काम नवे नव्हते.

त्या मंडळातील सहकाऱ्यांबरोबरच आम्ही 12 मे रोजी गावाच्या स्मृतिसमारंभास गेलो. 12 मे 1944 रोजी नाझी सैन्याच्या एका तुकडीने फीझाकला वेढा घालून शेकडो माणसे पकडून नेली. त्यांतील पुष्कळांना जर्मनीतील छावण्यांत धाडण्यात आले, व कित्येक परतले नाहीत. इतकी वर्षे लोटली तरी गाव त्या दिवशी एकत्र जमते. शेजारच्या बाई त्या सकाळी काळा पोशाख करून आमच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि समारंभभर त्यांनी आमच्या पत्नीचा हात धरून ठेवला. त्या काही बोलल्या नाहीत व आम्हीही विचारले नाही.

फ्रान्समधील बहुतेक प्रत्येक कोम्यूनमध्ये पहिल्या महायुद्धातील मृतांचा स्मृतिस्तंभ असतो व 11 नोव्हेंबरला तेथे फुले वाहतात. याच देशाच्या उत्तरेस नव्ह-शापेल येथे 1927 साली उभारलेले भारतीय सैनिकांचे स्मारक आहे. फ्रान्स व बेल्जियमच्या भूमीवर लढताना पडलेल्या व ज्यांची कबर अज्ञात आहे अशा चार हजारांहून अधिक भारतीयांची नावे तेथे कोरली आहेत. मंडळातील वृद्धांना आम्ही हे सांगितले, तेव्हा कित्येकांस ते नवे होते. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जाण्याची वाट अशी दोन्ही बाजूंनी चालता येते.

उपसंहार

दोन वर्षांनी आमची मुदत संपली. निघण्याच्या दिवशी पेटीवरील नावाची पट्टी काढावयास गेलो, तर टपाल वाटणाऱ्याने ती आपणास मागून घेतली. खालची अक्षरे कोणत्या लिपीतील, हे दोन वर्षे विचारावयाचे राहून गेले होते, असे तो म्हणाला. कन्येने त्यास एकेक अक्षर वाचून दाखविले.

विद्यार्थिमित्रांनो, हा पाठ फीझाकचा असला तरी त्याचा उपयोग तुम्हांस दूर देशी गेल्यावरच होईल असे नाही. येत्या जूनमध्ये तुमच्या वर्गात एखादा नवा मुलगा किंवा नवी मुलगी येईल. त्याची भाषा वेगळी असेल, किंवा मराठीच असून तिचा हेल वेगळा असेल. तो नमस्कार न करता बसेल, चुकीच्या बाकावर बसेल, कदाचित तीन महिने बोलणारही नाही. त्यास गर्विष्ठ अथवा मंद ठरविण्यापूर्वी, तो ऐकत आहे व साठवीत आहे, एवढे ध्यानात ठेवा. मधल्या सुटीत तो भिंतीशी उभा असेल. तेथे जाऊन त्यास त्याचे नाव विचारा, आणि ते त्याच्या लिपीत कसे लिहितात हेही विचारा.